साखरपुड्याची अंगठी: आधी रुपये ठरवा, मग ग्रॅम

सराफ्यात अंगठी घ्यायला गेलेलं कुटुंब बहुतेक वेळा उलट्या क्रमाने चालतं. आधी डिझाइन आवडतं, मग वजन कळतं, मग भाव विचारला जातो. कॅल्क्युलेटरवर एकूण आकडा उमटतो तेव्हा अंगठी मुलीच्या बोटात असते आणि होणाऱ्या सासूबाई शेजारी बसलेल्या असतात. त्या क्षणी 'जास्त होतंय' असं कोणाच्या तोंडून निघत नाही. म्हणून खर्चाचा निर्णय घरी, कागदावर, दुकानाची पायरी चढण्याआधी व्हायला हवा. इंदूरच्या मराठी घरांत पहिल्यांदाच लग्नाची खरेदी करणाऱ्यांसाठी तो क्रम खाली दिला आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच बाजूला ठेवू. 'अंगठीवर दोन महिन्यांचा पगार घालावा' हा इंटरनेटवर फिरणारा नियम परंपरेतून आलेला नाही. डी बीअर्स या हिरे कंपनीने १९८०च्या दशकात अमेरिकेत केलेल्या जाहिरातींनी तो पसरवला. तिथे मुलगा एकच अंगठी देतो. आपल्याकडे साखरपुड्याला दोन अंगठ्या लागतात, शिवाय साडी आणि ओटी, आणि थोड्याच महिन्यांत मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या उभ्या असतात. तो हिशोब आपल्याला लागू पडत नाही.

१. कोण कोणाला काय देणार

रूढ पद्धत अशी: मुलाकडचे मुलीला अंगठी घालतात, मुलीकडचे मुलाला. हल्ली बरीच जोडपी दोन्ही अंगठ्यांचा खर्च एकत्र करून निम्मा-निम्मा वाटून घेतात. पद्धत कुठलीही असो, दोन्ही घरांत आकड्याची भाषा एक हवी. ग्रॅममध्ये बोललं की घोळ होतो, कारण बाईची अंगठी साधारण २ ते ४ ग्रॅमची आणि पुरुषाची ५ ते ८ ग्रॅमची असते. 'तुम्ही पाच घातलं, आम्ही तीन' अशी कुजबूज तिथूनच सुरू होते. त्यापेक्षा कोणीतरी एकाने फोन करून सरळ म्हणावं: 'आमच्याकडून साधारण ४० हजारांच्या आतली अंगठी होईल, तुमच्याकडूनही तेवढ्यातच राहू द्या.' हे वाक्य बोलायला जड जातं, पण एकदाच बोलावं लागतं.

समोरून 'मुलाला इतक्या ग्रॅमचीच हवी' असं आलं, तर ती मागणी आहे, आणि लग्नाच्या संदर्भातल्या मागणीला १९६१चा हुंडा प्रतिबंधक कायदा लागतो. मग हा अंगठीच्या बजेटचा प्रश्न उरत नाही. घरातल्या मोठ्यांनी तिथेच बोलून घ्यावं.

२. आकडा कुठून काढायचा

पगारातून नाही, हातात असलेल्या शिलकीतून. वजाबाकी अशी करायची. समजा मुलाची शिल्लक ३,६०,००० रुपये आहे. घरखर्च महिना २५,००० असेल, तर तीन महिन्यांचे ७५,००० बाजूला. लग्नाच्या हॉल, जेवण, कपड्यांत त्याचा वाटा १,८०,००० धरला, तोही बाजूला. उरले १,०५,०००. त्यातून मंगळसूत्राचे ६०,००० काढा, कारण ते रोज गळ्यात राहणार. राहिले ४५,०००. त्यातले ५,००० माप बदलणं, डबी, भावातला फरक यांसाठी. अंगठीची कमाल मर्यादा: ४०,०००, सगळे कर धरून.

मंगळसूत्र अंगठीच्या आधी वजा करायचं, ही यातली सर्वांत उपयोगी ओळ आहे. बहुतेक घरं साखरपुड्याच्या उत्साहात अंगठीवर हात सैल सोडतात आणि चार महिन्यांनी मंगळसूत्राच्या वाट्या हलक्या करतात. आणि वजाबाकीनंतर १५ हजारच उरले तर १५ हजारांचीच अंगठी घ्यावी. वैयक्तिक कर्ज काढून घेऊ नये. बहुतेक बँका क्रेडिट कार्डावरच्या सोन्याच्या खरेदीचे हप्ते पाडून देत नाहीत, त्यामुळे 'कार्डावर घेऊ, हप्त्याने फेडू' हा बेत काउंटरवर कोसळतो आणि पुढच्या महिन्यापासून कार्डाचं भारी व्याज सुरू होतं.

३. चाळीस हजारांत किती ग्रॅम

अंगठीच्या किमतीत चार गोष्टी असतात: सोन्याचा भाव, घडणावळ (सराफ्यात 'मजुरी'), ३ टक्के जीएसटी आणि हॉलमार्कचं, म्हणजे शुद्धतेच्या शिक्क्याचं, शुल्क. खडा असेल तर त्याची किंमत वेगळी.

भाव रोज हलतो. म्हणून इथे फक्त गणितासाठी २४ कॅरेटचा भाव ग्रॅमला १२,००० रुपये धरू. तुम्ही जाल त्या दिवसाचा आकडा तिथे घाला. २२ कॅरेट म्हणजे ९१.६ टक्के सोनं, भाव साधारण ११,०००. १८ कॅरेट म्हणजे ७५ टक्के, भाव ९,०००.

आता २२ कॅरेटची ४ ग्रॅमची साधी अंगठी, घडणावळ १२ टक्के:

सोनं ४४,०००
घडणावळ ५,२८०
बेरीज ४९,२८०
जीएसटी ३ टक्के १,४७८
हॉलमार्क ४५ रुपये अधिक १८ टक्के कर, म्हणजे ५३
एकूण ५०,८११

भावफलकावर '४ ग्रॅम, ४४ हजार' वाचून गेलेला माणूस सात हजारांनी चुकतो तो इथे. सोपी युक्ती म्हणजे 'पडता भाव' काढणे: भाव × १.१२ × १.०३. वरच्या उदाहरणात तो ग्रॅमला १२,६९० येतो. ४० हजारांना त्याने भागलं की ३.१५ ग्रॅम. हाच आकडा चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा. घडणावळ १८ टक्के असेल तर तेवढ्याच पैशांत २.९९ ग्रॅमच येतं. बारीक नक्षी, जाळी, मिनाकारी असली की टक्का असा चढतो.

घडणावळीत घासाघीस होते, भावात सहसा होत नाही. म्हणून तीन दुकानांत एकच प्रश्न विचारा: 'या अंगठीची मजुरी किती टक्के, आणि घट वेगळी लावता का?' काही जण मजुरी ८ टक्के सांगून वर ५ टक्के घट (घडवताना वाया जाणारं सोनं) जोडतात. काही जण टक्क्यांऐवजी ग्रॅममागे रुपये सांगतात. त्याचा टक्का करून घ्या, तरच तुलना होते. 'शून्य मजुरी'ची पाटी दिसली तर सोन्याचा भाव आणि खड्याची किंमत तपासा, मजुरी तिथेच कुठेतरी बसलेली असते. भाव विचारताना तो २२चा की २४चा, जीएसटी धरून की सोडून, हेही विचारा. फोनवर दिसणारे भाव बरेचदा कर सोडून असतात.

वजन कमी करताना एक अडचण येते. २ ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, कुंदन, पोलकी आणि जडावालाही नाही. बजेटसाठी १.८ ग्रॅमची अंगठी घेतली तर शुद्धतेची हमी फक्त दुकानदाराच्या शब्दावर राहते. शक्य असेल तर दोनच्या थोडं वर जा, नाहीतर हॉलमार्क करूनच द्या असं आधी सांगा. हलक्या वजनात मोठी दिसणारी अंगठी बहुधा आतून पोकळ असते. ती ठेचली की पुन्हा गोल होत नाही. बोटाभोवतीची दांडी १.५ मिलिमीटरपेक्षा पातळ असेल तर रोज पीठ मळणाऱ्या किंवा गाडी चालवणाऱ्या हातात ती वाकते.

४. साधं वळं की खड्याची

साधी किंवा नक्षीची असेल तर २२ कॅरेट. खडा असेल तर १८. कारण सरळ आहे: २२ कॅरेट मऊ असतं, कोंदणाचे आकडे (खडा धरून ठेवणारे हूक) सैल होतात आणि खडा पडतो. काही घरांत 'अठरा कॅरेट म्हणजे हलकं सोनं' म्हणून नाक मुरडतात. हिऱ्याच्या अंगठीसाठी मात्र तेच योग्य आहे, आणि हे आजीला समजावण्याचं काम मुलानेच करावं.

खड्याच्या अंगठीत वजन दोन असतात: एकूण आणि निव्वळ. सोन्याचा भाव निव्वळ वजनालाच लागला पाहिजे. खड्याचं कॅरेट हे शुद्धतेचं नव्हे, वजनाचं माप: १ कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. तीन कॅरेटचा माणिक किंवा अमेरिकन डायमंडचा खडा ०.६ ग्रॅमचा झाला. तो सोन्याच्या वजनात मोजला गेला तर ११,००० च्या भावाने ६,६०० रुपये सोन्याऐवजी खड्यासाठी गेले.

हिरा घ्यायचा असेल तर बजेटचे दोन भाग करा, अंगठीचा आणि हिऱ्याचा, आणि दोन्हींची किंमत वेगळी लिहून मागा. हिऱ्याची किंमत कॅरेटमागे असते आणि काही वजनांवर ती उडी मारते: ०.३०, ०.५०, १.००. त्या टप्प्याच्या किंचित खालचा, म्हणजे ०.२८ किंवा ०.४७चा हिरा, डोळ्यांना तेवढाच दिसतो. चांगला कापलेला गोल ०.३० कॅरेटचा हिरा साधारण ४.३ मिलिमीटर रुंद असतो, ०.५०चा ५.१, १ कॅरेटचा ६.५. दुप्पट वजन म्हणजे दुप्पट मोठा नाही, हे लक्षात आलं की बरेच पैसे वाचतात. सात बारीक हिरे मिळून ०.३० कॅरेट झाले तर ती अंगठी एका ०.३०च्या हिऱ्यापेक्षा बरीच स्वस्त असायला हवी. 'थर्टी सेंट' (०.३० कॅरेट) एवढंच ऐकून पैसे देऊ नका, एक की अनेक ते विचारा.

खर्च कुठे करायचा? कापणीवर. चमक तिथून येते. पिवळ्या सोन्यात हिऱ्याच्या रंगाचा दर्जा एच, आय, अगदी जे (किंचित पिवळसर) असला तरी पिवळेपणा उठून दिसत नाही, आणि एसआय (बारीक डाग असलेल्या) दर्जाच्या हिऱ्यातला डाग बहुतेक वेळा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. व्हीव्हीएससाठी (जवळजवळ निर्दोष दर्जासाठी) जास्त पैसे मोजण्यात साखरपुड्याच्या अंगठीला काही मिळत नाही.

प्रयोगशाळेत बनवलेला हिरा हाही हिराच, रचना तीच. नुसत्या डोळ्यांनी किंवा दुकानातल्या साध्या डायमंड टेस्टरने तो ओळखू येत नाही. किंमत नैसर्गिक हिऱ्याच्या मानाने खूपच कमी असते, आणि परत विकताना जवळजवळ काहीच येत नाही. मोठा खडा हवा आणि परतीच्या किमतीची फिकीर नसेल तर तो घेण्यात काही गैर नाही. फक्त बिलावर 'लॅबग्रोन' असं स्पष्ट हवं आणि पैसेही त्याच हिशोबाने द्यावेत. जीआयए किंवा आयजीआय या हिरे तपासणाऱ्या संस्थांचं प्रमाणपत्र मागा. बऱ्याच हिऱ्यांच्या कडेवर प्रमाणपत्राचा क्रमांक लेझरने कोरलेला असतो, तो भिंगातून जुळवून घ्या.

५. घरचं जुनं सोनं

आजीची तुटकी साखळी, एकाकी राहिलेलं कानातलं, मोडीत पडलेलं काहीतरी प्रत्येक घरी निघतंच. बजेट वाढवण्याचा हा सर्वांत चांगला मार्ग आहे, पण हिशोब समोर करून घ्या. दुकानदार आधी टंच काढतो, म्हणजे शुद्ध सोनं किती टक्के ते. यंत्र फक्त वरचा थर वाचतं. डाख (सांधे जोडणारा टाका) भरपूर असलेल्या जुन्या दागिन्याचा खरा टंच वितळवल्यावरच कळतो. तेव्हा वितळवणं तुमच्या डोळ्यांसमोर आणि नंतरचं वजन तुमच्या चिठ्ठीवर. ५ ग्रॅमचा तुकडा ८८ टंच निघाला तर शुद्ध सोनं ४.४ ग्रॅम, वरच्या भावाने ५२,८०० रुपये. त्यातून बट्टा (मोडीवरची कपात) किती कापणार, हे वितळवण्याच्या आधी विचारायचं. लगडीचा गोळा झाल्यावर दुसऱ्या पेढीवर जाण्याची कोणाची हिंमत होत नाही. जीएसटी नव्या अंगठीच्या पूर्ण किमतीवर लागतो, जुनं सोनं वजा करून उरलेल्या रकमेवर नव्हे.

बट्टा नको असेल तर जुनंच सोनं वितळवून सोनाराकडून अंगठी घडवून घ्यायची. मग फक्त मजुरी द्यायची, तिच्यावर ५ टक्के जीएसटी. अशा अंगठीवर हॉलमार्क आपोआप येत नाही. मान्यताप्राप्त हॉलमार्क केंद्रात ग्राहक स्वतः दागिना तपासून घेऊ शकतो; चार नगांपर्यंतचं शुल्क २०० रुपये अधिक कर.

६. माप आणि दिवस

कागदाची पातळ पट्टी संध्याकाळी बोटाभोवती, सांध्यावरून सरकेल इतकी सैल गुंडाळा आणि लांबी मिलिमीटरमध्ये मोजा. त्यातून ४० वजा केले की आपल्या दुकानांतला माप क्रमांक मिळतो: ५२ मिलिमीटर म्हणजे १२ नंबर, ५६ म्हणजे १६. सकाळी थंडीत बोट बारीक असतं आणि जानेवारीत घेतलेली अंगठी मे महिन्यात अडकते, म्हणून संध्याकाळचं माप. रुंद पट्टीची अंगठी असेल तर एक नंबर मोठा घ्या. एखाद-दोन नंबर पुढे-मागे करता येतात. पूर्ण घेराभर खडे असलेली अंगठी मात्र कापून जोडता येत नाही, तिचं माप चुकलं की ती पेटीत जाते.

ऑर्डर मुहूर्ताच्या तीन आठवडे आधी द्या. घडण, हॉलमार्कसाठी पाठवणी, परत आल्यावर माप, सगळ्याला दिवस लागतात. आगाऊ रकमेच्या पावतीवर भाव 'बांधला' आहे की घेण्याच्या दिवसाचा लागेल, ते लिहून घ्या. हे तोंडी राहिलं की भांडण ठरलेलं.

बडा सराफा, छोटा सराफा किंवा एमजी रोड, कुठेही जा, पण दुपारी जा. उजेडात खड्याचा रंग कळतो. दिव्यांखाली सगळेच हिरे पांढरे दिसतात. पुष्य नक्षत्र आणि धनत्रयोदशीला मजुरीवर सूट असते, पण गर्दीत तुमच्यासमोर शांतपणे वजन करायला कोणाला वेळ नसतो. सूट हवी असेल तर आठवडाभर आधी अंगठी ठरवून, त्या दिवशी फक्त बिल करायला जा. सराफ्यात गराडू खायला रात्री परत यायचं. तोवर दागिन्यांची शटर पडलेली असतात आणि त्यांच्यासमोर खाण्याची दुकानं लागलेली असतात.

७. काउंटरवर

काटा शून्यावर आहे का ते बघा, अंगठीवरचा दोरा आणि चिठ्ठी काढून वजन करायला सांगा. ०.०५ ग्रॅमचा फरक म्हणजे ५५० रुपये. मग भिंग मागा. प्रत्येक सराफाकडे असतं, मागितलं म्हणून कोणी रागावत नाही. दांडीच्या आतल्या बाजूला तीन खुणा हव्यात: बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) त्रिकोणी चिन्ह, शुद्धता (२२ कॅरेटला २२के९१६, १८ला १८के७५०) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून या क्रमांकाशिवाय हॉलमार्कचं सोनं विकता येत नाही. 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तिथेच उभ्या उभ्या क्रमांक घाला. दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता पडद्यावर येते. अंगठीच्या जागी 'लॉकेट' आलं तर अंगठी खाली ठेवा.

बिलावर निव्वळ वजन, कॅरेट, भाव, मजुरी, खड्याचं वजन आणि किंमत, हॉलमार्क शुल्क हे सगळं वेगवेगळं हवं. 'आजोबांपासूनची पेढी आहे, त्यांना पक्कं बिल कसं मागायचं' हा संकोच इंदूरच्या जुन्या मराठी घरांत फार आहे. कच्च्या चिठ्ठीवर ३ टक्के वाचतात खरे, पण शुद्धता कमी निघाली तर दाद मागायला हातात काहीच नसतं. पक्कं बिल असेल तर नियमाप्रमाणे कमी पडलेल्या शुद्धतेच्या फरकाची दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च मागता येतो. परतीची अटही बिलावरच: सोन्याला किती टक्के, हिऱ्याला किती.

दोन्ही अंगठ्या आणि मंगळसूत्र एकत्र घेत असाल तर आकडा सहज दोन लाखांवर जातो. तिथे पॅन लागतो, आणि दुकानदार २ लाख किंवा अधिक रोख घेऊ शकत नाही. एकाच लग्नासाठी तीन बिलं तोडून ही मर्यादा टळत नाही, कारण ती एका प्रसंगाशी जोडलेल्या सगळ्या व्यवहारांना मिळून लागते.

पेढ्यांच्या अकरा हप्त्यांच्या योजनेत वर्षभर आधी पैसे घालायचे असतील तर शेवटी मिळणारी सूट मजुरीवर आहे की सोन्यावर, आणि खड्याच्या अंगठीला ती लागते का, हे आधी वाचा. साखरपुडा सहा महिन्यांवर आला असेल तर ते पैसे बँकेत ठेवलेले बरे.

अंगठी घरी आली की बिल, प्रमाणपत्र आणि एचयूआयडीचा फोटो काढून दोघांच्याही फोनमध्ये ठेवा. माप बदलायला देताना खुणांची जागा सोडून कापायला सांगा, आणि परत घेताना पुन्हा वजन करा. खड्याची अंगठी असेल तर सहा महिन्यांनी कोंदणाचे आकडे घट्ट करून घ्यायला दुकानात न्या.